लाकडी बाई, नग एक

मोडी कागदावर एवढंच आहे :
ओखामंडळाहून गाड्यानें आलें.
फुटल्या जहाजाचें सामान.
लोखंडी साखळी, नग दोन.
घंटा, चिरलेली, नग एक.
लाकडी बाई, नग एक. उजवा हात नाहीं.
खाली कारकून फणश्यांची सही
आणि शाईचा डाग, बेटाएवढा.

जहाजाचं नाव फणश्यांनी दोनदा लिहून खोडलंय.
परक्या मुलखाचं नाव मोडीत बसेना.
एकदा ते 'मारगट' झालं, एकदा 'मारगीत',
मग रेघ मारून ते जेवायला गेले असावेत.

दांडिया बाजारातल्या आमच्या व्यायामशाळेत
ती कशी आली, कुणी लिहून ठेवलेलं नाही.
गोदामात मुद्गल, जोडी, मलखांबाचा चिरलेला खांब,
आणि भिंतीला टेकून ही :
छाती पुढे, मान वर,
अंगावरचं लुगडं म्हणावं तर वाऱ्यानं मागे उडालेलं
आणि मागे वारा नाही, चुन्याची भिंत.
कमरेखाली एक खोल खाच,
तिथून जहाज सुरू व्हायचं.

आप्पा तिच्या डाव्या खांद्यावर कोट अडकवायचे.
तालमीतली पोरं तिला मडम म्हणायची
आणि एकटं गोदामात जायला भ्यायची.
जेराम मिस्त्रीनं एकदा नखानं खरवडून वास घेतला.
"साग नथी आ. ठंडा मुलकनुं लाकडुं छे."
मग खांद्याच्या तुटक्या जागेवर बोट फिरवून मला दाखवलं :
पांढरी बुरशी असावी तसं काहीतरी.
मीठ.
इतक्या वर्षांनी, हवा कोरडी झाली की
अजून आतून मीठ फुटायचं.

मी ते चाटून पाहिलं होतं. दहा वर्षांची असेन.
समुद्र मी पुढे लग्नानंतर पाहिला, दीवला,
आणि पाण्यात पाय घालताना वाटलं,
याची चव माहितेय मला.

ज्या ऑगस्टात विश्वामित्री शहरात शिरली,
पुलापलीकडे छपरावर मगर बसली होती,
आम्ही वरच्या मजल्यावर तीन दिवस पोह्यांवर काढले.
रात्री खालून काहीतरी दारावर आपटायचं.
हळू. थांबून. पुन्हा.
खरं सांगते, मला वाटलं तीच असणार,
पाणी ओळखून निघाली असेल,
मान वर, छाती पुढे, रावपुऱ्याच्या रोखानं.

कुलूप उघडलं तर आपटत होता तो मलखांब.
ती कोपऱ्यात पालथी पडली होती,
तोंड गाळात.
मी आणि रखवालदार सोमाभाई, दोघांनी उलटी केली.
डोळ्यांतला गाळ मी पदरानं काढला.
ते रंगवलेले नाहीत, कोरलेले आहेत.
मिटताच येत नाहीत तिला.

सर्व्हेवाला मुलगा फळी घेऊन उभा होता.
"लाकडी मूर्ती. नुकसान काय लिहू?"
"उजवा हात नाही."
"पुरात गेला?"
"त्याच्या आधीच्या पाण्यात."
त्यानं पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं,
आणि रकान्यात आडवी रेघ मारली.
फणश्यांसारखीच.

हिवाळा आला, गेला. हवा कोरडी, ओठ फुटायची.
मी रोज खांद्यावरून बोट फिरवलं.
काही नाही. लाकूड नुसतं लाकूड,
चव मातीची.
गोड्या पाण्यानं धुऊन नेलं सगळं.
फॉर्मवर हे कुठं लिहायचं असतं
मला माहीत नव्हतं.

विश्वामित्री ढाढरला मिळते,
ढाढर खंबातच्या आखाताला.
चिमूटभर असेल फार तर.
पोचलं असेल.

गोदामाला नवं कुलूप आणलंय.
आणि आप्पांच्या कोटासाठी
भिंतीत एक खिळा ठोकून घेतला.